नक्की पुसायचं?

डिसेंबर लागला आणि अर्पिताचा निरोप आला. पुण्याच्या या बाईला धम्मपालनं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं तो तिच्याशी शब्दांवरून भांडत आला होता. निरोप दर सालचाच. ज्यानं त्यानं आपल्या वर्षाचा आढावा लिहून पाठवायचा. घरी काय झालं तेही आणि मंडळाचं काम काय झालं तेही. धम्मपालनं निरोप वाचला, फोन पालथा घातला आणि गिऱ्हाइकाच्या फोनची तडकलेली काच काढायला बसला.

मंडळ म्हणजे काही पावतीपुस्तकाचं मंडळ न्हाई. गावोगावची दहा-वीस माणसं. मोकळी सॉफ्टवेअरं असतात, ज्यांच्या आतलं सगळं उघडं असतं, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं, मालक कुणीच न्हाई. ती ही माणसं मराठीत आणायची. बटणावर कोणता शब्द घालावा, चूक झाली तर फोननं माणसाला काय म्हणावं, असली कामं. मोबदला काही न्हाई. नाव कुठंतरी तळाला येतं, तेही कुणी वाचत न्हाई.

धम्मपालचं दुकान वाटूर फाट्यावर. मोबाइल दुरुस्ती आणि झेरॉक्स. दुकानात बसलं की जालन्याचा, मंठ्याचा आणि परतूरचा असे तिन्ही रस्ते दिसतात. त्या तीन रस्त्यांच्या मधोमध त्याचा बाप तातेराव उभा राहायचा. तातेरावचा धंदा आवाजाचा. काळीपिवळी जीप भरून द्यायची. "मंठा मंठा मंठाऽऽ! चला, एकच शीट!" गाडीत दोनच माणसं बसलेली असली तरी एकच शीट. ती हाक पार भीमनगरात, विहाराच्या पायरीपर्यंत जायची. घरी कांताबाई त्या हाकेवरून ओळखायची की गाडी भरत आली, आता नवरा च्या प्यायला येईल, भांडं ठेवावं.

पोराचं हे मंडळ तातेरावला कधी उमगलं न्हाई.

"पैसे न्हाईत? मंग करू कामून राह्यला?"

"लोकांसाठी, दादा. आता मायला वाचता येतं, पण फोनात सगळं इंग्रजी. मंग तिनं काय करावं?"

"तुझी माय फोनबिगर बी लई बोलती."

"बोलती तर बोलती," कांताबाई चुलीपासून म्हणायची. "तुमच्यावाणी रस्त्यावर हुभी राहून तर न्हाई ना वरडत."

कांताबाई साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली होती, तेही पोरं मोठी झाल्यावर. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. एसटीची पाटी, खताची गोणी, विहारातला फलक, लग्नाची पत्रिका, समोर येईल ते मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढं जायची न्हाई. तिच्यासाठीच धम्मपालनं बोलपेटी मराठीत आणायला घेतली. आवाज भरून ठेवायचं साधं मोकळं ॲप. दाबलं की भरतं, दाबलं की ऐकवतं.

कांताबाईचं माहेर हसनाबादकडचं. तिकडची बोली बुलढाण्याच्या अंगानं जाते. तिकडं विचारणं म्हणजे पुसणं. वाटूरला असं कुणी म्हणत न्हाई. इथं तोंड पुसतात, पाटी पुसतात. लग्न होऊन आली तेव्हा तातेराव जेवत होता, आणि नव्या नवरीनं सासूला हळूच म्हटलं, "आत्याबाई, मी ह्यान्ला पुसू का, आणखी भाकर पाह्यजे का?" सासू म्हणाली, "पूस बाई, पूस. हनुवटीला बी कालवण लागलंय त्याच्या." सगळं घर हसलं. कांताबाई रडायच्या बेतात आली.

तेव्हापासून तातेरावला खेळच मिळाला. बायकोनं "एक पुसू का?" म्हटलं की हा गाल पुढं करायचा. "पूस." बाजारातून काय आणायचं ते पुसायचं असो की पोरीच्या लग्नाचं पुसायचं असो, आधी गाल पुढं. कांताबाई चिडायची, पदराचं टोक त्याच्या गालावर फटकारायची, आणि मंग तोंडातला प्रश्न विसरून जायची. हळूहळू सासरच्या बोलीनं तिचे बाकीचे शब्द खाल्ले. हा एक राहिला. हसण्यावारी राहिला, पण राहिला.

गेल्या हिवाळ्यात बोलपेटीचा पहिला मराठी अवतार तयार झाला, तेव्हा धम्मपालनं तो बापावरच तपासला. तातेरावनं घरात उभं राहून फाट्यावरची हाक मारली आणि फोनातून निघाली ती नुसती खरखर. मोठा आवाज ॲपला सोसेना, फुटायचा. धम्मपालनं प्रकल्पाच्या पानावर दोषाची नोंद टाकली, सोबत पुरावा म्हणून तो फुटका आवाज जोडला. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसानं तो ऐकून दोष काढून टाकला. नोंद बंद झाली.

होळीच्या आधी तातेरावचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, हाका मारून बसला. काढा झाला, हळदीचं दूध झालं. मंग संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं तर घशात गाठ. डॉक्टरनं सांगितलं, कापावं लागंल. जीव राहील, आवाज राहणार न्हाई.

तातेराव घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हंजे दुकानच बंद की."

ऑपरेशनच्या आधीचे ते दिवस. धम्मपालनं मायच्या फोनात बोलपेटी घालून दिली आणि बापाला म्हटलं, बोला, जे वाटंल ते बोला. तातेराव बोलला. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. शेजारच्या शेळीला शिव्या दिल्या. कोणत्या ड्रायव्हरनं कधी फसवलं ते नावानिशी सांगितलं. सून प्रियाला सांगितलं की तुझी भाजी कधी कधी खारट होती, मी बोललो न्हाई. बायकोला काय काय सांगितलं ते धम्मपालनं ऐकलं न्हाई. तेव्हा तो उठून बाहेर जायचा.

आणि त्याच दिवसांत, त्याच दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, धम्मपाल मंडळात भांडू राह्यला होता. एका शब्दासाठी. फोनातली वस्तू कायमची घालवायची त्या बटणावर आतापर्यंत 'हटवा' असायचं. धम्मपालचं म्हणणं, हटवतात ते अतिक्रमण. आपली माणसं पाटीवरचं काय हटवतात का? पुसतात. तिथं 'पुसा' पाहिजे.

अर्पितानं लिहिलं, सगळीकडे हटवा आहे, उगाच बदल कशाला?

धम्मपालनं लांबलचक उत्तर लिहिलं. पुण्याच्या कपाटातले शब्द आमच्या माथी मारू नका, म्हणाला. आमच्या आया ज्या बोलीत बोलतात ती फोनात आली पाहिजे, म्हणाला. आत बापाच्या घशात नळी घालून तपासणी चालली होती आणि बाहेर हा अंगठ्यानं भराभर लिहीत होता. बापासाठी काही करता येत न्हाई, तो सगळा जोर त्यानं त्या शब्दावर काढला.

चिखलीकडच्या एका कार्यकर्तीनं मधेच एक ओळ टाकली होती. 'आमच्याकडे पुसणे म्हणजे विचारणे, घोटाळा होईल.' धम्मपालनं तिला उत्तर दिलं, 'संदर्भानं कळतं.' लोकांनी मतं दिली. पुसा जिंकलं. त्या दिवशी त्याला लई बरं वाटलं.

चिखली हसनाबादपासून काही लांब न्हाई. आपली माय तिकडची आहे हे त्याला तेव्हा आठवलं न्हाई. ज्या आयांच्या नावानं तो भांडला, त्यात स्वतःची आई त्यानं धरलीच नव्हती.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. तातेराव खुणा करायचा, टाळ्या वाजवून बोलवायचा. तोंडातून लाळ गळायची, ती कांताबाई मऊ फडक्यानं पुसायची. एकदा ती सहज म्हणाली, "च्या करू का पुसत व्हते," आणि त्यानं गाल पुढं केला. मंग मात्र ती बाहेर जाऊन बसली. पेरण्या उरकल्या आणि तातेराव गेला. भंतेजी आले, जलदान झालं, पुण्यानुमोदनाला फाट्यावरचे सगळे ड्रायव्हर आले होते. गाड्या त्या दिवशी कुणी भरल्या कुणास ठाऊक.

त्यानंतर कांताबाईचा एकच नेम. दुपारी भांडीकुंडी झाली की दाराशी बसायचं आणि बोलपेटी ऐकायची. लई वेळ न्हाई. एखादं काहीतरी, शेळीच्या शिव्या नायतर पंचशील. धम्मपाल रोज ठरवायचा की त्या सगळ्याची दुसरीकडं एक प्रत काढून ठेवू. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा: प्रत काढून ठेवा, फोनचा भरवसा न्हाई. पण माय फोन हातातून सोडायची न्हाई, आणि तो हातातून घ्यायचं त्याच्या जिवावर यायचं. उद्या काढू, परवा काढू.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत हसनाबादहून मालनबाई आली. कांताबाईची चुलतबहीण, वाचता येणारी, बोलायला फटकळ. कांताबाईला वाटलं, हिला सगळंच ऐकवावं. पुढं काय झालं ते धम्मपालला मागून दोघींच्या तोंडून कळलं.

भरलेल्या आवाजांच्या यादीत कांताबाईचं बोट एका नावावर जरा जास्त वेळ टेकलं. पडद्यावर चौकोन उगवले, वर 'सगळं' असा शब्द आला.

"सगळं म्हणू राह्यलं," कांताबाई म्हणाली.

"मंग सगळंच ऐकायचं ना आपल्याला? दाब."

दाबलं. सगळ्या चौकोनांवर खुणा पडल्या. आवाज काही येईना. खाली दोन शब्द होते. कांताबाईनं बोट ठेवून वाचलं. "पा-ठ-वा."

"कुठं पाठवतीस? मी हितंच तर बसल्ये. दुसरं वाच."

"पु-सा."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. कांताबाईला हसू आलं. किती वर्षांनी तिचा शब्द कुणीतरी सरळ, न हसता वापरला होता.

"बघ माय! आपल्यावाणी बोलतंय. पुसा म्हणतंय."

"मंग पूस ना. काय पुसायचं ते पूस, म्हणजे सांगंल."

दाबलं. मंग मोठ्या अक्षरात आलं: नक्की पुसायचं?

"कसा रीतीचा फोन हाय पाह्य," मालनबाई म्हणाली, "पुसायच्या आधी बी पुसून घेतो."

कांताबाईनं 'हो' दाबलं.

संध्याकाळी धम्मपाल घरी आला तेव्हा ती म्हणाली, "बाळा, ह्यो फोन पाह्य बरं जरा. मी पुसलं त्याला, पण त्यानं सांगितलंच न्हाई काही. तवापासून गप हाय."

धम्मपालनं बोलपेटी उघडली. कोरी. त्याला क्षणभर काही कळलं न्हाई. मंग मायचं वाक्य त्याच्या डोक्यात पुन्हा वाजलं: मी पुसलं त्याला.

जवळ होती ती सगळी साधनं त्यानं लावली. मंडळातल्या जाणकारांना विचारलं, मित्राचा फोन आहे असं सांगून. पुसलेलं परत आणायची कचरापेटी बोलपेटीत असावी, अशी मागणी कुणीतरी कधीची टाकून ठेवली होती. ती तशीच पडून होती. जुनं काहीच हाती लागलं न्हाई. जगाच्या फोनातलं गेलेलं काढून देणारा माणूस, आपल्या घरचं त्याला निघालं न्हाई.

मायला त्यानं सांगितलं, "फोनचं आतलं बिघडलंय. त्याला मोठं यंत्र लागतं. आतलं सामान पुण्याला पाठवलंय." आणि फोन तिला परत दिला.

"येईल ना?"

"येईल की."

मंग रोज संध्याकाळी तेच. "पुण्याहून आलं का रे?" "न्हाई अजून." प्रिया हे ऐकायची आणि भाकर जोरात थापायची. एकदा सासू विहारात गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. किती दिवस पुण्यावर ढकलता?"

"काय सांगू? तुझ्याच हातानं दादा गेले म्हणू? ती जगायची न्हाई, प्रिया."

त्याची भीती एवढीच होती. आवाज गेला तो गेला. पण मायला कळता कामा नये की तो तिनं घालवला.

त्यानं मंडळात मागणी टाकली: पुसा बदला, तिथं 'काढून टाका' घाला. अर्पितानं लिहिलं, "अहो, तुम्हीच तर यासाठी एवढे भांडलात! आता लोकांना आवडायला लागलाय शब्द. कारण काय?" धम्मपालनं लिहिलं, "संदर्भानं कळत न्हाई." अर्पिता समजूतदार, तिनं पुढं विचारलं न्हाई. काही आठवड्यांनी बदल झाला आणि सगळ्यांच्या फोनात आपोआप गेला.

त्याच सुमारास मायनं पुण्याचं विचारणं सोडून दिलं. धम्मपालला वाटलं, चला, विसरू राह्यली. त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

तर डिसेंबरात हा आढावा. मंडळाचा भाग लिहायला अवघड नव्हता. प्रकल्पाच्या पानावर वर्षभराच्या नोंदी असतात. त्या चाळायच्या आणि लिहायचं, अमुक केलं, तमुक केलं. 'घरचं' या शब्दापुढं त्यानं 'वडील गेले' एवढं लिहिलं आणि ते दोन शब्द तसेच ठेवून नोंदी चाळायला लागला. चाळता चाळता जानेवारीपर्यंत मागं गेला. तिथं त्याचीच एक बंद नोंद होती. 'मोठा आवाज फुटतो. नमुना जोडला आहे.'

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. धम्मपालनं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "जरा टपरीवर बसा काका, जल्दी देतो."

ऐकलं. खरखर, फुटक्या डब्यावाणी. मंठा मंठा मंठाऽऽ. तेव्हा त्यानं तो नमुना कितीदा ऐकला होता, पण आवाज कुठं फुटतो तेवढंच पाहण्यासाठी. हाकेनंतर काय आहे तिकडं त्याचं ध्यानच गेलं नव्हतं. हाक संपल्यावर बाप हळू बोलला होता, आणि हळू होता म्हणून ते स्वच्छ भरलं होतं. धम्मपालनं ते ऐकलं आणि लॅपटॉप उचलून सरळ घरी निघाला. काका टपरीवर तसेच राहिले.

कांताबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती.

"माय, दादाचा एक आवाज सापडला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. धम्मपालनं लावलं.

"मंठा मंठा मंठाऽऽ! चला, एकच शीट!" आवाज फुटून ओट्यावर सांडला. प्रिया आतून धावत आली. मंग ती खरखर थांबली आणि तातेराव जवळ बसून बोलल्यासारखा म्हणाला, "बस का? कांते, पूस की तुझ्या पोराला, आत गेला का आवाज. पूस, पूस." आणि हसला. तिथं संपलं.

कांताबाई समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली. "त्यान्ला व्हता की येत माझा शब्द," ती म्हणाली. "जलमभर मला हसले." मंग जरा वेळानं, "बाकीचे?"

धम्मपालनं पुणं म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्यानं म्हणवेना.

"न्हाईत."

"मीच घालवले ना?"

"कुणी सांगितलं तुला?" त्यानं प्रियाकडं पाहिलं. प्रियानं मान हलवली.

"कुणी कशाला सांगाया पाह्यजे? मला वाचता येतं. त्या फोनात पुसा व्हतं, एक दिस माझाच आवाज भरून त्याच्यावर बोट टेकवलं तर त्याच जागी 'काढून टाका' आलेलं. मंग मला कळलं की तवा मी काय दाबलं व्हतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू सांगून नव्हता राह्यला. म्हणून मंग मी बी पुसलं न्हाई."

धम्मपाल खाली बसला. "माय, तुझी चूक न्हाई. शब्द मी घातला तिथं. मला तिकडच्या एका बाईनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई. शब्द माझा चुकला."

"तुझा कुठला?" कांताबाई म्हणाली. "शब्द माझा हाय. माझ्या मायचा हाय. तू कुठून आणला तर घरातूनच आणला असशील." ती थांबली. "इंग्रजीत असतं तर मी बोट लावलं नसतं रे. आपल्यावाणी बोललं म्हणून इश्वास धरला."

प्रियानं पाणी आणून ठेवलं, ते कुणी प्यालं न्हाई. फाट्यावर कुणीतरी नवा पोरगा गाडी भरत होता. त्याची हाक इथपर्यंत पोचत नव्हती, नुसता हॉर्न ऐकू येत होता.

"आणखी एकदा लाव," कांताबाई म्हणाली.

"तूच लाव की माय. हे इथं दाबायचं. ह्याच्यानं काही जात न्हाई. हे प्रकल्पाच्या पानावर बी हाय, आता काही जायचं न्हाई."

तिनं त्या बटणाकडं पाहिलं. वाचलं की न्हाई कळलं न्हाई. मंग दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पोटाशी धरून बसली.

"तू लाव," ती म्हणाली. "मी न्हाई हात लावत."